विलायतेतल्या विहिरीची खोली

मराठी बातम्या मिनिटाला नव्वद शब्दांच्या बेताने वाचाव्यात. एरवी बोलताना आपण याच्या दीडपट वेगाने बोलतो, आणि भांडताना किती वेगाने बोलतो ते मी कधी मोजलेले नाही. पण आवाज लंडनहून निघून भोसरीच्या एका सायकलदुकानातल्या रेडिओपर्यंत जायचा असेल, तर नव्वदच्या वर गेलेला शब्द वाटेत सांडतो. हे मला पहिल्याच आठवड्यात शिकवले आणि लंडनला होतो तोवर मी ते पाळले. घरी मुले अजून म्हणतात, बाबा रागावले तरी बातम्या दिल्यासारखे रागावतात.

या अंकाच्या संपादकांनी 'परदेशातील पत्रकारितेचे थरारक अनुभव' मागितले आहेत. थरारक काही घडले नाही, हे आधीच सांगून टाकतो. पन्नासच्या दशकात मी पुण्याच्या एका दैनिकात तारांचे भाषांतर करणारा उपसंपादक होतो. लंडनच्या एका रेडिओ केंद्राला मराठी बातम्यांसाठी माणूस हवा होता. अर्ज केला, आवाजाची परीक्षा झाली, निवड झाली. मी युद्ध पाहिले नाही, पंतप्रधानांच्या मुलाखती घेतल्या नाहीत. तळघरातल्या एका खोलीत बसून इंग्रजी बातमीची मराठी बातमी करायची आणि ठरल्या वेळी ती वाचायची, एवढेच काम.

ते काम बाहेरून सोपे दिसते. सकाळी इंग्रजी मजकूर येई. मराठी टंकयंत्र एकच होते आणि त्याचा 'ळ' उमटत नसे, म्हणून आम्ही हातानेच लिहीत असू. ओळीत किती शब्द बसतात ते ठरलेले, त्यामुळे पानांवर नजर टाकून वाचायला किती वेळ लागेल ते मला सांगता येई. भाषांतराची माझी कसोटी एकच होती: हे आबांना कळेल का? आबा म्हणजे माझे वडील. भोसरीत शेती, अक्षरओळख नाही. 'मंत्रिमंडळाने प्रस्ताव विचाराधीन ठेवला' असे लिहिले की मला आबांचा चेहरा दिसे आणि मी ते खोडून 'सरकारने अजून काही ठरवलेले नाही' असे लिही.

वाचताना काचेपलीकडे एक साहेब बसत. त्यांना आपण व्हिटकॉमसाहेब म्हणू. आमच्या मुलखात कलेक्टर म्हणून नोकरी करून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर आमच्या मजकुराची प्रत असे आणि बोट एका बटणावर. लिहिलेले सोडून वाचणाऱ्याने दुसरे काही म्हटले, तर त्यांनी बटण दाबायचे आणि आवाज तोडायचा. लढाईच्या काळातला नियम, तो तसाच चालू राहिला होता. माझ्या आधीच्या वाचकाला एकदा वाचता वाचता शिंक आली आणि तो 'माफ करा' म्हणाला. साहेबांनी बटण दाबले. माफी मजकुरात नव्हती.

साहेबांचे मराठी जुन्या कचेरीतले. रोज सकाळी विचारत, "तुमचे तीर्थरूप कसे आहेत? पर्जन्यमान बरे आहे ना?" पर्जन्यमान बरे आहे, असे मी सांगे. त्या शहरात माझ्या गावच्या पावसाची चौकशी करणारे ते एकटेच होते.

श्रोत्यांची पत्रे येत. एका बाईंनी लिहिले की तुमचा आवाज बसला आहे, ओव्याचा काढा घ्या. एकाला लंडनच्या मोठ्या घड्याळाच्या तबकडीची मापे हवी होती. ती मी मिळवून पाठवली. तळेगावच्या एका गृहस्थांचा भाऊ लढाईत आफ्रिकेत बेपत्ता झाला होता. त्यांना वाटे, रेडिओवाले सगळ्या जगाला बोलतात, तर एकदा त्याचे नाव घेऊन 'घरी ये' म्हणाले तर काय बिघडेल. मी उत्तर लिहिले की नियमात बसत नाही. दर महिन्याला त्यांचे पत्र येत राहिले. पुढे यायचे थांबले.

राहण्याचे काय सांगू? खोली शोधायला चार रविवार गेले. खिडकीत 'भाड्याने देणे' अशी पाटी असे; दार उघडणारी बाई माझ्याकडे बघे आणि खोली नुकतीच गेली म्हणे. पुढच्या रविवारी पाटी तिथेच. शेवटी मिसेस पार्कर नावाच्या विधवा बाईने पोटमाळ्यावरची खोली दिली. शेगडीच्या पेटीत नाणे टाकले की तेवढ्यापुरता गॅस येई, तो संपला की खोली गार पडे. हिवाळ्यात धुराने भरलेले धुके उतरे; रुमालाने नाक पुसले की रुमाल काळा. रविवार सोडता कामात वेळ जाई. रविवारीसुद्धा मी दुपारच्या वाचनाची पाळी मागून घेतली, कारण घरात बसून करायचे काय?

त्या पाळीला आणखी एक कारण होते. आमची दुपार म्हणजे भोसरीची दिवेलागण. रविवारी आबा मोकळे असत आणि इस्माईलभाईचा रेडिओ चालू असे.

इस्माईलभाईचे नाशिक रस्त्यावर सायकल दुरुस्तीचे दुकान होते. तीन पिढ्यांचे गावचेच घर. लढाईच्या दिवसांत तो खडकीच्या लष्करी कारखान्यात मिस्त्रीच्या हाताखाली होता. तिथे त्याने रेडिओची विद्या उचलली आणि जुन्या बाजारातून भाग आणून एक संच जुळवला. गावात वीज नव्हती, संच बॅटरीवर चाले. मी जायच्या वर्षीच त्याच्या स्पीकरचा पडदा फाटला होता. नवा मिळेना, तेव्हा इस्माईलभाईने भंगारातून सैनिकांचा कानाला लावायचा फोन आणला. आता ऐकू येई ते एकालाच. तो दुकानाच्या फळीवर बसून एक वाक्य ऐके, थांबे, मग समोर बसलेल्यांना मोठ्याने सांगे. माझ्या मराठी बातम्या गावाला अशा इस्माईलभाईच्या तोंडून कळत. आईला, म्हणजे त्याच्या चाचीला, मात्र तो दर रविवारी दोन वाक्यांपुरता फोन देई. आई पुढे म्हणायची, "काय बोलतुस ते कळत न्हाई बाबा, पर तूच हायस ते कळतं."

आता आबांविषयी. शेती सगळेच करत, पण आबांना पंचक्रोशीत मान होता तो विहिरींसाठी. नवी विहीर धरायची असली की चऱ्होली, मोशी, चिखलीपासून माणसे त्यांना न्यायला येत. ते जमिनीवरून फिरत, माती चोळत, झाडे बघत आणि पाणी किती परसांवर लागेल ते सांगत. परस म्हणजे पुरता उभा माणूस. आमच्याकडे सहा फूट धरतात. आमची स्वतःची विहीर नऊ परस. आबांचा अंदाज अर्ध्या परसापलीकडे चुकल्याचे मी ऐकले नाही. आकड्यांचा जो काही नाद मला आहे तो तिथून आला. लहानपणी विहिरीत दोरी सोडून ती मोजायचे काम माझे होते, आणि 'सुमारे' हा शब्द आबांना खपत नसे. "सुमारे म्हंजी मोजलं न्हाई," असे ते म्हणत.

मी निघालो तेव्हा ते मला बोटीपर्यंत पोचवायला आले नाहीत, चिंचवड स्टेशनापर्यंत आले. माझ्या हातात दशम्यांचे गाठोडे देऊन एवढेच म्हणाले, "तिथं पाणी किती परसांवर लागतं, त्येवढं कळीव."

मला वाटले, पोहोचल्यावर पहिल्या पत्रात कळवू. लंडनला पोहोचून मिसेस पार्करना विचारले, इथे जमिनीत पाणी किती खोल आहे? त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, पाणी नळाला येते. कचेरीत विचारले. एकालाही माहीत नव्हते. आबांना तसे कळवले. त्यांनी इस्माईलभाईकडून उत्तर लिहवले: "ज्या मुलखाला आपल्या पाण्याची खोली म्हाईत न्हाई, तिथं लोक कशाच्या भरवशावर ऱ्हात्यात?" आणि खाली इस्माईलभाईचा शेरा: "आबा लय हसले. पण दत्तूभाऊ, ते विसरणार नाय. मोजून कळवा."

दर पत्रात तोच प्रश्न येत राहिला. मी पुस्तकातून आकडे काढू शकलो असतो. पण पुस्तकातला आकडा म्हणजे दुसऱ्याने मोजलेला. मी स्वतः मोजेन तेव्हाच कळवीन असे ठरवले आणि सवडीची वाट पाहत राहिलो.

तिसऱ्या वर्षीच्या थंडीत इस्माईलभाईचे पत्र आले. त्याचे मराठी नेहमी मोकळे असे, यावेळी वाक्ये तोकडी होती. "आबांची तबियत ठीक नाय. पोटात पाणी भरतं. ससूनला दाखवलं. डॉक्टरनी घरी न्या म्हटलं. आबा बोलले, साऱ्या जन्मात लोकांचं पाणी शोधलं, आता माझ्यातच लागलं. सगळे हसले, चाची सोडून. दत्तूभाऊ, ते विचारतात, दत्तूनं पाण्याचं सांगितलं का. तुम्ही रेडिओवर बोलाल तर मी संच घरी घेऊन येईन. त्यांना दुकानापर्यंत येता येत नाय."

पुढच्या बोटीत जागा मिळायला महिना होता आणि बोटीला पुढे वीसेक दिवस. विमान माझ्यासारख्याच्या आवाक्यातले नव्हते. मी बोटीची जागा नोंदवली, राजीनामा दिला आणि जाणून चुकलो की मी वेळेवर पोहोचणार नाही. पोहोचला तर आवाज पोहोचेल.

मी व्हिटकॉमसाहेबांकडे गेलो. सगळे सांगितले आणि विचारले, येत्या रविवारी बातम्यांच्या शेवटी वडिलांसाठी एक वाक्य म्हणू का?

"नाही," ते म्हणाले.

"एकच वाक्य, साहेब. पाच सेकंद."

"एका असामीसाठी हे केंद्र नाही. तुमच्या वडिलांसाठी बटण दाबले नाही, तर उद्या दुसऱ्याच्या वडिलांसाठी कसे दाबू?"

मला तळेगावचे गृहस्थ आठवले. साहेब चुकत नव्हते. मी उठलो. तेव्हा त्यांनी विचारले, "तीर्थरूपांना हवे तरी काय आहे?"

"इथल्या विहिरीची खोली."

साहेब खिडकीकडे वळले. आमच्या हवेली तालुक्यात दौऱ्यावर असताना कुठल्या तरी विहिरीवर ते जेवायला थांबले असतील, काय आठवले ते मला ठाऊक नाही. मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बातम्यांनंतरचे 'लंडनचे पत्र' हे भाषण तुमचे आहे ना? विहिरींवर लिहा. विहिरी हा साऱ्या शेतकऱ्यांच्या कामाचा विषय आहे. त्याला माझी हरकत नाही."

मी त्याच दुपारी इस्माईलभाईला विमानाचे पत्र टाकले: पुढच्या रविवारी विहिरींवर बोलणार आहे, आबांना ऐकव. पत्राला आठवडा लागे, म्हणजे जेमतेम वेळेवर. खोलीचा आकडा त्यात घातला नाही, कारण तो माझ्याकडे अजून नव्हता.

शनिवारी आगगाडीने लंडनबाहेर गेलो. एका खेड्यात जुनी विहीर वापरात असलेला शेतकरी आहे असे कचेरीतल्या कुणीतरी सांगितले होते. लाल गालांचा, अबोल म्हातारा. मी विचारल्यावर म्हणाला, सत्तर फूट. मी म्हटले, मोजू का? त्याला वाटले असावे की पोराचे डोके फिरले आहे, पण दोरी दिली. दोरीला दगड बांधून खाली सोडला. हाताला थंडीने बधिरपणा आला होता, त्यामुळे दगड तळाला लागला की नाही ते दोनदा करून पाहिले. सहासष्ट फूट भरली. अकरा परस. म्हाताऱ्याला मी सांगितले की चार फूट कमी आहेत. तो म्हणाला, माझा बाप सत्तर म्हणायचा.

परतीच्या गाडीत मी मजकूर लिहिला. विलायतेतही विहिरी आहेत, त्या कशा बांधतात, उन्हाळ्यात पाणी किती उतरते. शेवटी लिहिले: 'या विहिरीची खोली अकरा परस आहे. मी स्वतः दोरी सोडून मोजली.' साहेबांनी मजकूर तपासताना त्या वाक्याशी पेन्सिल थांबवली. नियमाने 'सहासष्ट फूट' हवे होते. परस सगळ्या श्रोत्यांना कळतोच असे नाही. त्यांनी पेन्सिल उचलली आणि पान उलटले.

रविवारी मी मिनिटाला नव्वदच्याही खाली वाचले. 'अकरा परस' नंतर एक क्षण थांबलो, इस्माईलभाईला मोठ्याने सांगायला सवड मिळावी म्हणून. काचेपलीकडे साहेबांचे बोट बटणाजवळही नव्हते. दोन्ही हात टेबलावर होते.

मंगळवारी तार आली. आबा सोमवारी पहाटे गेले होते.

मी कामावर गेलो. दुसरे काय करणार होतो? मनात एवढेच धरून होतो की रविवारी संध्याकाळी ते होते, त्यांनी ऐकले असेल. गुरुवारी अभियंत्यांचा अहवाल आला. आवाज कुठे कसा ऐकू गेला याच्या नोंदी दर आठवड्याला येत. त्या वर्षी सूर्यावर खळबळ जास्त होती आणि आमचा आवाज ज्यांवरून जाई त्या लघुलहरी मधूनमधून पार बंद पडत. त्या रविवारी आमच्या वेळेत पश्चिम हिंदुस्थानात काहीही ऐकू आले नव्हते. मुंबई, पुणे, बेळगाव, सगळीकडे नुसती खरखर. नोंद करणारी माणसे वेगवेगळी आणि नोंद एकच. अशा नोंदीवर माझा विश्वास असतो.

मिसेस पार्करना माझ्या चेहऱ्यावरून काही कळले असावे. त्या संध्याकाळी त्यांनी न बोलता माझ्या शेगडीच्या पेटीत स्वतःचे नाणे टाकले आणि खाली निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात इस्माईलभाईचे पत्र पोहोचले, रविवारीच रात्री लिहिलेले. "दत्तूभाऊ, आबांनी सगळं ऐकलं. आवाज साफ होता, एकदम साफ. आबा खूश झाले. आता फिकर करू नका."

मी ते पत्र आणि अहवाल दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. दोन्ही खरे असणे शक्य नव्हते.

मी घरी पोहोचेपर्यंत दिवस-कार्य सगळे उरकले होते. पिंपरी स्टेशनावर इस्माईलभाई सायकल घेऊन आला होता. ट्रंक मागे बांधली आणि आम्ही चालत निघालो. तेव्हा पिंपरीत निर्वासितांची वसाहत आणि नव्या कारखान्याच्या भिंती सोडल्या तर भोसरीपर्यंत सगळी शेतेच होती. वसाहत मागे पडली. मग मी विचारले, "त्या दिवशी आवाज कसा होता?"

"साफ," तो म्हणाला. "एकदम साफ." आणि ट्रंकेची दोरी ढिली झाली आहे असे म्हणून सायकल थांबवून खाली वाकला. दोरी ढिली नव्हती.

आईने सांगितले ते दोन दिवसांनी, मी विहिरीवर आंघोळ करून आलो तेव्हा. ती भाकरी थापत होती.

"इस्माईलनं बाभळीला तार बांधली, खाटेजवळ संच मांडला. फोन कानाला लावला आन् बोलाया लागला. दत्तूभाऊ म्हणतोय नमस्कार. दत्तूभाऊ म्हणतोय, तिथल्या विहिरीला पांढऱ्या दगडाच्या पायऱ्या हायती, राणी त्येच पाणी पिती. दर खेपंला तो एक वाक्य ऐकायचा, थांबायचा, मग सांगायचा. त्या दिवशी थांबलाच न्हाई, बग. घडाघडा बोलत व्हता. मी म्हटलं, दे की माझी दोन वाक्यं. तर म्हणला, चाची, आज नगं, बॅटरी उतरलीया."

"आबा काय म्हणाले?"

"डोळं मिटून पडलं व्हतं. शेवटी विचारलं, किती परस म्हणला? इस्माईल जरा गप झाला. मग म्हणला, चाळीस."

 चाळीस परस म्हणजे दोनशे चाळीस फूट. इस्माईलभाईने विहीर कधी खणलेली नव्हती. सायकलवाल्या माणसाला चाळीस हा चांगला भरीव आकडा वाटला असणार, विलायतेला शोभणारा.

"आबा म्हणलं, बरं. इस्माईल तार सोडवाया भाईर गेला, तवा मला म्हणलं, आज यंत्रात दत्तू न्हवता. मी म्हटलं, कशावरनं? तर म्हणलं, चाळीस परस म्हणं! दत्तू आकडा चुकायचा न्हाई." आईने भाकरी तव्यावर टाकली. "जरा हसलं. मग म्हणलं, पर इस्माईल लई झ्याक बोलला. त्येला च्या टाक. दूध जास्ती घाल."

"अकरा होती, आई," मी म्हटले. "अकरा परस."

"अकरा व्हय," आई म्हणाली. "आपल्यापरीस दोन जास्ती." आणि भाकरी उलटली.

मी परत लंडनला गेलो नाही. काही काळाने ते मराठी कार्यक्रमही बंद झाले. पुण्याच्या दैनिकात काही वर्षे काढली. मग आमच्या भागात कारखाने आले तसा एका कंपनीच्या कामगार-पत्रिकेचे काम पाहू लागलो, ते अजून पाहतो. आबांनी धरलेल्या विहिरींपैकी बहुतेक औद्योगिक वसाहतीच्या आखणीत गेल्या. आमची नऊ परसांची विहीर रस्त्याच्या मुरमाने भरली; भरायला किती ट्रक लागले ते मी उभा राहून मोजले, पण ते इथे लिहीत नाही. आता संत तुकारामनगरात राहतो. पाणी नळाला येते. मुलाने परवा विचारले, हे येते कुठून, आणि मला मिसेस पार्कर आठवल्या.

इस्माईलभाईचे दुकान मात्र भोसरीत आहे. पुढे वर्कशॉप झाली, स्कूटरी आल्या, पण तो एका कोपऱ्यात सायकली धरून बसला आहे. जुना संच फळीवर आहे, चालत नाही. संध्याकाळी शिफ्ट सुटली की भाड्याच्या खोल्यांत राहणारी मराठवाड्याची, कोकणातली पोरे हवा भरायला येतात आणि त्याच्या गप्पा ऐकत बसतात. मी महिन्यातून एकदा जातो.

गेल्या महिन्यात गेलो तेव्हा विषय बोअरवेलचा चालला होता. कुणाच्या तरी चाळीत दीडशे फुटांवर पाणी लागले होते आणि पोरांना त्याचे अप्रूप वाटत होते.

"दीडशे म्हंजी काय रे," इस्माईलभाई म्हणाला. "लंडनला चाळीस परसांची विहीर हाय. हातानं खणलेली. दोनशे चाळीस फूट होतात, करा हिसाब."

"काय भाई, फेकायला लागला," एक पोरगा म्हणाला.

"फेकायला? अरे राव, ते बघ बसलेत दत्तूभाऊ. रेडिओवर सांगितलं त्यांनी, सगळ्या मुलखानं ऐकलं. त्यांनी स्वतः दोरी सोडून मोजलीया. विचार त्यांना."

पोरे माझ्याकडे वळली. या माणसाने कधी गंमत म्हणूनसुद्धा चुकीचा आकडा सांगितलेला नाही, हे त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते. इस्माईलभाईला होते.

"किती होती, काका? खरंच चाळीस?"

"चाळीस," मी म्हटले.

इस्माईलभाईने माझ्याकडे पाहिले नाही. ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबून तो बुडबुडा कुठून येतो ते शोधत राहिला.